मिसिंग नेमकं केव्हा येतं?

दहा-बारा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीची कहाणी बहुतेक घरांत सारखीच असते. सिग्नलला गाडी थरथरायला लागते, चढाला धक्के मारते. गॅरेजमध्ये प्लग बदलतात, आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. पुढच्या फेरीला प्लगला वीज पुरवणारी कॉइल. त्यानंतर हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीची सफाई, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची सर्व्हिस आणि शेवटी 'एखादा सेन्सर असेल बघा'. सात-आठ हजार रुपये जातात आणि गाडी कात्रजच्या चढाला पुन्हा लंगडते. यात मेकॅनिक लबाडच असतो असं नाही. गिऱ्हाईक त्याला एवढंच सांगून किल्ली देतं की गाडी मिसिंग मारतेय. तेवढ्यावर तो अंदाजच बांधणार, आणि अंदाज चुकला की पैसे आपले जाणार.

काय बिघडलंय ते नंतर बघू. मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आपल्या पाळीला न पेटणं, केव्हा येतं, हे आधी पक्कं करायला हवं. इंजिन थंड की तापलेलं, स्लोला (पाय न दाबता जागीच चालू असताना) की पळताना, सपाटीला की चढाला, कोरड्यात की पावसात, पेट्रोलवर की सीएनजीवर. चार दिवस गाडी चालवून एवढं टिपून ठेवलं, तर निम्मं निदान घरबसल्या होतं.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात मिसळलेली हवा आणि पेट्रोल, ते मिश्रण दाबणारं कॉम्प्रेशन आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) दोनदा फिरला की एका सिलिंडरमध्ये एकदा पेट्रोल पेटतं. स्लोला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरची पाळी मिनिटाला ४०० वेळा येते, म्हणजे सेकंदाला साधारण सात वेळा. त्यातली एखादी चुकली तर आपल्याला पत्ताही लागत नाही. एकच सिलिंडर सारखा चुकू लागला, की स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळं थरथरतं. तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीत हे जास्त जाणवतं, कारण तिथे एक गेला की इंजिनाचा तिसरा हिस्साच गेला.

त्याआधी एक खात्री करून घ्या, की हे मिसिंगच आहे. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती माउंटिंग खचली, की स्लोला गाडी हादरते, पण इंजिनाचा आवाज एकसारखाच असतो. क्लच प्लेट खराब झाली, तर पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना धक्के बसतात आणि पुढे सगळं सुरळीत चालतं. मिसिंगची खूण कानाला कळते. सायलेन्सरच्या मागे उभं राहिलं की एकसंध आवाजात मध्येच 'फट्' करून खंड पडतो. तिथे कागदाचा कपटा धरून बघा. धड इंजिन तो सतत बाहेर ढकलतं. कागद अधूनमधून आत ओढला जात असेल, तर एखादा सिलिंडर चुकतोय किंवा व्हॉल्व्ह (हवा-धुराची झडप) नीट बसत नाही.

चढ, पाऊस आणि गरम इंजिन

पुण्यात चढाची तक्रार सगळ्यात जास्त. कात्रजचा जुना घाट असो, खंबाटकी असो की सिंहगडचा रस्ता, आरपीएम कमी असताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी झटके देते आणि वर सपाटीला पोचली की शहाण्यासारखी पळते. त्याचं कारण असं, की पाय दाबल्यावर सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते आणि ती दाबली गेली की प्लगच्या टोकाशी दाब खूप वाढतो. जास्त दाबाच्या हवेतून ठिणगी पाडायला व्होल्टेजही जास्त लागतं. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल वीस-तीस हजार व्होल्ट करून देते. पण प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, झिजून वाढली असेल, कॉइल थकली असेल किंवा वायरचं रबर तडकलं असेल, तर वीज प्लगच्या टोकापर्यंत जायच्या ऐवजी वाटेतच जवळचं लोखंड गाठते. सपाटीला कमी व्होल्टेजवर भागतं, म्हणून तिथे काही कळत नाही.

चढाला पेट्रोल कमी पडलं तरी गाडी कुरकुरते. पंप अशक्त झाला किंवा फिल्टर तुंबला की हे होतं. पण दोन्हींत फरक आहे. ठिणगीचा दोष असेल तर झटके तीक्ष्ण आणि तुटक बसतात, कोणी मागून धक्का दिल्यासारखे. पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू मरगळते. पाय दाबावा तितकी ती दमते. हा फरक मेकॅनिकला नुसता सांगितलात, तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो.

पावसाचं मिसिंग ओळखायला सोपं असतं. जूनमधला पहिला जोराचा पाऊस झाला किंवा वॉशिंग सेंटरला बॉनेट उघडून प्रेशरच्या फवाऱ्याने इंजिन धुतलं, की दुसऱ्या दिवशी गाडी तीन सिलिंडरवर येते. ओलाव्यामुळे तडकलेल्या वायरमधून किंवा कॉइलच्या रबरी टोपीतून वीज गळते. रात्री अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारतो त्या बाटलीने वायरींवर बारीक तुषार सोडले, तर गळतीच्या जागी निळसर ठिणग्या दिसतात आणि चट-चट आवाज येतो. मात्र हात वायरींपासून लांब ठेवा. तो झटका हसण्यावारी न्यायचा नसतो, आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी तर हा प्रयोग करूच नये.

गरम इंजिनाचं मिसिंग सगळ्यात त्रासदायक. सिंहगड रोडच्या गर्दीत वीस मिनिटं घुसमटल्यावर गाडी अडखळते, आणि गॅरेजमध्ये तासभर उभी राहिल्यावर मेकॅनिकसमोर झकास चालते. कॉइलच्या आतल्या बारीक तारांचं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं, थंड झालं की पुन्हा सावरतं. थंड कॉइल मीटर लावून 'ओके' दिसली, तरी त्याला काही अर्थ नाही. गाडी तापलेली असतानाच तपासा असा आग्रह धरावा लागतो. क्रँक सेन्सरही तापल्यावर बंद पडतो, पण तो गेला तर बहुधा एक सिलिंडर नाही, अख्खं इंजिनच बंद पडतं आणि थंड झाल्याशिवाय स्टार्ट होत नाही.

प्लगच्या विहिरीतलं ऑइल

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या हॅचबॅकचं मिसिंग दर चार-सहा महिन्यांनी परत यायचं. मेकॅनिक दर वेळी म्हणायचा, "काका, प्लग टाकून देऊ नवीन." काका वैतागलेले: "अरे, दिवाळीत तर टाकले होते." प्लग टाकले की गाडी खरंच बरी व्हायची, त्यामुळे मेकॅनिकचंही चुकत होतं असं म्हणवत नव्हतं. शेवटी त्यांनी मला बघायला सांगितलं. तिसऱ्या सिलिंडरची रबरी टोपी ओढून काढली, तर ती टोकाशी फुगलेली आणि गिळगिळीत झालेली. प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिच्या तळाशी काळं ऑइल साचलेलं. प्लग बाहेर काढून पुसला, तर पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली गेलेली पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ.

ती रेघ म्हणजे विजेने पाडलेली पायवाट. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि विहिरीभोवतीचे सील कडक झाले की ऑइल विहिरीत झिरपतं, रबरी टोपी त्यात भिजून खराब होते, आणि वीज प्लगच्या टोकाकडे जायच्या ऐवजी चिनीमातीच्या बाहेरून सरकून लोखंडाला भिडते. एकदा तिथे कार्बनची रेघ पडली, की वीज दर वेळी तीच वाट धरते. नवीन प्लगला रेघ नसते म्हणून गाडी सुधारते. पण जुन्या टोपीच्या आतही तशीच रेघ असते आणि ऑइल गळायचं काही थांबलेलं नसतं. म्हणून काही महिन्यांत पुन्हा पहिले पाढे. तिथे कव्हरचं पॅकिंग, सील, टोपी आणि प्लग असा एकत्र बदल करावा लागला. यातलं सगळ्यात स्वस्त होतं पॅकिंग, आणि नेमकं तेच कोणी बदललं नव्हतं.

परत परत येणाऱ्या मिसिंगच्या मागे बहुतेकदा असंच काहीतरी असतं. मेलेला पार्ट बदलला जातो, त्याला मारणारा तसाच राहतो. कॉइल वारंवार जळत असेल, तर प्लगची वाढलेली गॅप बघा, कारण गॅप जितकी मोठी तितका कॉइलवर ताण जास्त. वायरी जोडणाऱ्या कपलरच्या पिना गंजल्यात का, इंजिनाची अर्थिंगची पट्टी सैल आहे का, तेही बघा. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का, हे सगळ्यात आधी.

काढलेले प्लग लगेच फेकून देऊ नयेत. कोणता कुठल्या सिलिंडरचा, त्या क्रमाने ओळीत मांडावेत. चारही फिकट तपकिरी असले तर बरं. एकच कोरडा काळा असेल तर तिथे मिश्रण नीट जळत नाही, पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाही, ऑइलने चिकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. आणि एक प्लग बाकीच्यांपेक्षा विचित्र स्वच्छ, धुतल्यासारखा दिसत असेल, तर सावध व्हा. हेड पॅकिंगमधून (सिलिंडर आणि त्यांच्यावरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगमधून) कूलंट त्या सिलिंडरमध्ये झिरपत असू शकतं. अशी गाडी सकाळी पहिलं मिनिटभर अडखळते, मागून पांढरा धूर टाकते, मग ठीक चालते, आणि कूलंटची बाटली हळूहळू रिकामी होत जाते.

अदलाबदल

बिघाड कोणत्या सिलिंडरचा, हे शोधायला जुन्या पद्धतीत चालू इंजिनावर प्लगच्या वायरी एकेक करून उपसतात. ते करू नये. झटका बसतो, कॉइलवर ताण येतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं. त्याऐवजी इंजेक्टरचा कपलर एकेक करून काढायचा. चांगल्या सिलिंडरचा कपलर काढला की इंजिन लगेच ढासळतं. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला.

मग पुढची पायरी फुकटची आहे, तरी ती फार कमी लोक करतात. समजा, दुसरा सिलिंडर मारत नाही. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्याला लावा, तिसऱ्याची दुसऱ्याला. मिसिंग तिसऱ्यावर गेलं तर कॉइल खराब. दुसऱ्यावरच राहिलं तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टरची. काहीही करून मिसिंग दुसऱ्यावरच बसून राहिलं, तर त्या सिलिंडरचं वायरिंग किंवा कॉम्प्रेशन तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या की काही कळत नाही. काही जुन्या गाड्यांत चार सिलिंडरना मिळून दोनच कॉइल असतात, एक पहिल्या-चौथ्याला आणि एक दुसऱ्या-तिसऱ्याला. तिथे जोडीतले दोन्ही सिलिंडर एकदम चुकत असतील तर कॉइलवर संशय घ्यावा, एकच चुकत असेल तर वायर किंवा प्लगवर. २००३ सालच्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात तर चार सिलिंडरना आठ प्लग आहेत. तशी गाडी असेल तर आठही बाहेर काढून बघायचा धीर ठेवा.

गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर असला तर काम सोपं होतं, पण तो उत्तर देत नाही, पत्ता देतो. क्रँकचा वेग कुठल्या सिलिंडरच्या पाळीला मंदावतो, हे बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मिसिंग ओळखतो. पी ०३०१ हा कोड म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ दुसरा, आणि पी ०३०० म्हणजे ठरावीक एक नाही, इकडे-तिकडे. ०३०० आला की एका कॉइलच्या मागे न लागता सगळ्यांना सामाईक असलेलं काहीतरी शोधायचं: पेट्रोलचा दाब, हवेची गळती, टायमिंग. कोडबरोबर ईसीयू त्या क्षणाची नोंदही ठेवतो, म्हणजे आरपीएम किती होता, इंजिन किती तापलं होतं, गाडीचा वेग काय होता. 'केव्हा' या प्रश्नाचं तयार उत्तर तिथे असतं, आणि मेकॅनिकने 'आधी कोड उडवून बघू' म्हटलं की तेच पुसलं जातं. आधी फोटो काढून ठेवा. पुण्यात भारत स्टेज ४ हे प्रदूषणाचं मानक २०१० मध्येच आलं आणि गाडीने स्वतःचे बिघाड कोडमध्ये नोंदवायच्या ओबीडी-२ पद्धतीची सक्ती २०१३ मध्ये झाली. त्याआधीच्या गाड्यांना मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर चालेलच असं नाही; गॅरेजमधला मोठा स्कॅनर बहुधा चालतो.

मिसिंग फक्त स्लोला असेल आणि रेस केल्यावर जात असेल, तर हवा चोरवाटेने आत येतेय का बघा. सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप, टॅपेट कव्हरपासून येणारा छोटा रबरी पाइप दहा वर्षांत तडकतात. पाइप एकेक करून पकडीने हलकेच दाबून इंजिनाचा आवाज ऐकायचा. गरम इंजिनावर कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत आहे खरी, पण तो पेटतो, म्हणून नकोच. आणखी एक बारकावा: आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या हवा थेट मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून तिचा हिशेब करतात. अशा गाडीत गळतीने मिसिंग येण्याऐवजी नुसता स्लो वाढलेलाही दिसू शकतो.

कॉम्प्रेशन आणि सीएनजी

पुण्यात जुन्या पेट्रोल गाड्यांना बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलेले लोक खूप. या गाड्यांचं मिसिंग दोन प्रकारचं. गाडी गॅसवर मिसिंग मारते आणि पेट्रोलवर ठीक चालते, असं असेल तर आधी ठिणगी बघा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कॉइल-प्लगचा अशक्तपणा गॅसवर आधी उघडा पडतो. प्लगची गॅप थोडी कमी ठेवतात ती याचसाठी.

दुसरा प्रकार वाईट. गॅस कोरडा असतो, आणि पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात वर्षानुवर्षं गॅस जाळला की व्हॉल्व्ह बंद होताना ज्यांवर टेकतो त्या सीट झिजतात. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि तो उघडणाऱ्या टॅपेटमधली फट संपते. मग पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत बसत नाही, तसा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. त्यात इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो आणि गळती वाढते. लक्षण ठरलेलं: गरम झाल्यावर स्लोला थरथर, रेस केल्यावर बरं. टॅपेटचा आवाज वाढला की सगळे धावतात, पण इथे आवाज कमी होतो, आणि गाडी छान शांत झाली म्हणून मालक खूश असतो. वेळेवर टॅपेट सेटिंग केलं तर काही शे रुपयांत भागतं. उशीर झाला तर व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावं लागतं.

कॉम्प्रेशन तपासायला सगळे प्लग काढून, पेट्रोल आणि ठिणगी बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून स्टार्टर मारतात. आकडा गाडीच्या पुस्तकातला बघावा. साधारण १० ते १३ बार येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एक बराच खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. वाढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील, तर बहुधा त्या दोघांच्या मधलं हेड पॅकिंग फुटलेलं असतं. चारही सारखेच कमी आले, तर टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का, ते बघावं.

सीएनजीवाल्यांची आणखी एक सवय: टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवायचं. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. टाकी कायम तळाला गेलेली असेल तर पंप लवकर मरतो, आणि आहे ते पेट्रोल महिनोन्महिने शिळं होतं.

हल्ली मात्र सगळ्याचं खापर ई२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, फुटतं. त्यात थोडं तथ्य आहे. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा पुरते, त्यामुळे ई२० मध्ये त्याच मापाचं इंधन कमी पडतं आणि मिश्रण पातळ होतं. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून ते भरून काढते. कार्बोरेटरवाल्या गाडीला ते जमत नाही. इथेनॉल पाणीही शोषतं, टाकीतला जुना गाळ सुटा करतं आणि जुनी रबरं खातं. त्यामुळे बरेच महिने उभी राहिलेली जुनी गाडी ई२० भरल्यावर अडखळली, तर फिल्टर आणि पेट्रोल बदलून बघायला हरकत नाही. पण गाडीचा एकच सिलिंडर मिसिंग मारत असेल, तर त्याचा दोष पेट्रोलवर टाकता येत नाही. पेट्रोल चौघांनाही तेच जातं.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, तर मात्र प्रयोग करत बसू नये. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळते. वितळलेली जाळी सायलेन्सर तुंबवते, मग गाडीचं पिकअपच जातं, आणि नवा कन्व्हर्टर बाकी सगळ्या पार्ट्सच्या बेरजेपेक्षा महाग पडतो. अशा वेळी पाय हलका ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत जावं, घाट चढायचा हट्ट करू नये. पार्ट घ्यायला नाना पेठेत जाणार असाल, तर प्लगवरचा पूर्ण नंबर उतरवून न्या आणि पक्कं बिल मागा. नकली प्लग दिसायला अस्सलसारखेच असतात.

काम झाल्यावर गॅरेजच्या दारात रेस करून गाडी ताब्यात घेऊ नये. मिसिंग ज्या वेळी यायचं, त्याच वेळी ती चालवून बघायची: चढाला यायचं तर चढावर, गरम झाल्यावर यायचं तर अर्धा तास गर्दीत. त्यानंतर स्कॅनर लावून नवा कोड पडलाय का ते बघायचं, आणि मगच उरलेले पैसे द्यायचे.